प्रांत ऑफिसातलं ज्येष्ठांचं न्यायाधिकरण: पाचपैकी तीन तारे

आत्यासाठी गेले होते. वय 78. नवऱ्यामागची पेन्शन तिची, पण एटीएम कार्ड आतेभावाच्या पाकिटात. मोबाइलही त्याच्याकडेच, कुणाचा फोन आला की स्पीकरवर लावून समोर बसणार. मारहाण नाही, उपाशी ठेवलं नाही, म्हणून भावकीचं एकच पालुपद: घरातलं चव्हाट्यावर कशाला?

14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर प्रांत ऑफिसचं नाव कळलं. 2007 च्या कायद्याने तिथे न्यायाधिकरण आहे, आणि वकील लावावा लागत नाही. अर्ज सोपा, पण सगळा पोटगीभोवती फिरणारा. दरमहा किती रक्कम पाहिजे? आत्या म्हणाली, "मला त्याचे पैसे नकोत गं, माझे मला दे म्हणावं. आणि फोन." त्याला रकानाच नाही! आम्ही कोरा कागद जोडून सगळं सविस्तर लिहिलं. तुम्हीही जोडा; पुढे सगळी चौकशी त्याच कागदावरून झाली.

कारकून मात्र हिरा. आत्याने घर मुलाच्या नावावर करून दिलं होतं, त्या बक्षीसपत्राची प्रत मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशी नेला आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मुलाने आईचा हयातभर सांभाळ करायचा, अशी ती अट. "ही आहे म्हणून तुमची बाजू भक्कम." अट मोडली तर कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. घराचा ताबाही परत देववता येतो, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय. घर मुलांच्या नावावर करायला निघालेल्यांनी ही अट घातल्याशिवाय सहीच करू नये.

दोन तारे कापले ते समेटाच्या बैठकीचे. आत्याची खुर्ची मुलाच्या खुर्चीला खेटून. "आजी, घरी काही त्रास?" त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "नाही." दुसरं काय म्हणणार? संध्याकाळी त्याच घरात जायचं होतं. मी हट्ट धरला तेव्हा त्याला बाहेर पाठवलं, मग ती बोलली. हे मागावं का लागावं? शिवाय नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल, हे कायद्यात. आमच्या तारखा त्याच्या पुढे गेल्या. साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगला.

शेवटी कार्ड, पासबुक आणि फोन परत द्यायचं त्याने लेखी कबूल केलं, तसा आदेशही निघाला. घराचं अजून चालू आहे. बँकेत मात्र आपणच जायचं. नवा पिन घेतला, तरी खात्याला नंबर आतेभावाचाच जोडलेला होता. पैसे काढले की मेसेज त्यालाच. आदेशात त्याबद्दल अक्षर नव्हतं.