लिंगवर्गीकृत रेतमात्रा सेवा : एका दूध उत्पादकाचा अभिप्राय

आमच्या भागातील दूध संघामार्फत गायींसाठी लिंगवर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे शेतकरी जिला सॉर्टेड सीमेनची कांडी म्हणतात ती, गोठ्यावर येऊन भरली जाते. कृत्रिम रेतनाच्या या कांडीत मादी वासरू देणारे शुक्राणू निवडून भरलेले असतात. मी ही सेवा घेतली ती दुधाच्या हिशेबापेक्षा गोऱ्ह्यांच्या, म्हणजे नर वासरांच्या, प्रश्नासाठी. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकराच्या) गायीला होणाऱ्या वासरांपैकी निम्मी नर असतात. त्यांना वशिंड जेमतेमच असल्याने जू नीट बसत नाही, शेतात ट्रॅक्टर आलेला आहे, आणि मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. गोऱ्ह्याला मारायचे असे कोणी ठरवत नाही; परंतु चीक पाजून झाल्यावर त्याचे दूध तोडले जाते, तो हगवणीने काही आठवड्यांतच जातो, आणि जगलाच तर रात्री रस्त्यालगत नेऊन सोडला जातो. ही उपेक्षा म्हणजे हत्याच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवेबद्दल समाधान आहे. तंत्रज्ञ वेळेवर येतात, कांडी कोमट पाण्यात तापमान मोजूनच वितळवतात आणि कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक नोंदवतात. मादी वासरू होण्याची शक्यता सुमारे 90 टक्के असते, आणि आमचा अनुभव त्याच्याशी जुळतो. मात्र साध्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात, तर या कांडीत सुमारे 20 लाखच असतात, त्यामुळे गाय उलटण्याचे, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचे, प्रमाण वाढते. म्हणून ती निरोगी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींनाच भरावी. ही गोष्ट संघाच्या प्रतिनिधीने आपणहून सांगायला हवी होती. ती विचारल्यावर सांगण्यात आली.

माझी खरी काळजी पुढची आहे. गोऱ्ह्याच्या जागी जन्मलेली प्रत्येक कालवड काही वर्षांनी भाकड होणार आहे, आणि गायीच्या कत्तलीवर तर 1976च्या मूळ कायद्यानेच बंदी आहे. सगळ्या गोठ्यांत सरसकट हीच कांडी भरली गेली, तर आज वासरांच्या वाट्याला येणारी उपेक्षा उद्या म्हाताऱ्या गायींच्या वाट्याला येईल. व्याल्याशिवाय गाय दूध देत नाही, त्यामुळे प्रत्येक वेताबरोबर एका जीवाची जबाबदारी आपण घेत असतो. ती किती जीवांची पेलवेल, हे कांडी भरण्यापूर्वी ठरवले पाहिजे. आम्ही वर्षाला एक वेत हा आग्रह सोडला आहे. चांगल्या दुधाच्या गायीला उशिरा भरवतो आणि तिला अधिक काळ दुधात ठेवतो. दूध थोडे घटते, पण जन्मणाऱ्या वासरांची संख्याही आवाक्यात राहते.

खिल्लार या देशी, बैलांसाठी नावाजलेल्या जातीच्या गायींसाठी ही कांडी मी घेणार नाही. तिथे खोंडाला आजही मागणी आहे, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून ती टिकून आहे, आणि वंश चालायला चांगले वळूही लागतात. शर्यतीत बैलाला होणाऱ्या त्रासाचा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

संकरित गायी पाळणाऱ्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. संघाने मात्र कांड्यांच्या विक्रीबरोबर गाभण राहिलेल्या गायींचे आणि प्रत्यक्ष झालेल्या नर-मादी वासरांचे आकडे दर वर्षी सभासदांपुढे ठेवावेत, आणि भाकड गायींसाठी दुधाच्या दरातून काही रक्कम बाजूला काढण्याचा ठराव पुढच्या सभेत घ्यावा.