साधे ओट्स, घरचा मसाला आणि न निघणारं पातेलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिहायला बसलो त्याला कारण किडे. ऑनलाइन मागवलेलं दोन किलोचं पाकीट फोडलं तर आत जाळी. तारीख बघितली तर अजून बरीच शिल्लक. कस्टमर केअरला फोन लावला. आधी फोटो मागितला, मग बॅच नंबर, मग "सर, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" ओट्सचं पाकीट फोडताना शूटिंग कोण करतं राव? त्या भांडणाचं काय झालं ते शेवटी सांगतो. पण तेवढ्यावरून ओट्सना वाईट म्हणणार नाही, कारण एव्हाना ते आमच्या घरी रुळलेत. तक्रार आहे, पण ती वेगळीच.

पुडीतले मसाला ओट्स सगळ्यांनी खाल्लेत, त्यावर वेगळं लिहीत नाही. फक्त एक हिशेब करा. पुडी साधारण 40 ग्रॅमची असते, तेव्हा तिच्यावरची किंमत 25 ने गुणा आणि मग साध्या ओट्सच्या किलोचा भाव बघा. वरचे पैसे आपण मीठ, साखर आणि सुकवलेल्या गाजराच्या चार कणांसाठी मोजतो. कांदा-लसूण मसाल्याची बरणी घरात भरलेली असताना कोल्हापुरात बसून मसाल्याची पुडी विकत घ्यायची, हे मला तरी पटत नाही.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून कट-वडा आणि मिसळ यांवर फुली मारली, तेव्हा साधे रोल्ड, म्हणजे पोह्यासारखे चपटे केलेले ओट्स आणले. पाकिटावर सांगितलंय तसे पाण्यात शिजवले, वर मीठ. आजाऱ्याला देतात तसलं काहीतरी तयार झालं. खाल्लं एकवेळ, पण त्या पातेल्याचं काय? माझा खरा मुद्दा हा आहे आणि यावर कोणी बोलत नाही. ओट्सचं पातेलं तासभर ओट्यावर तसंच राहिलं की कडेला जो थर वाळतो तो घासणीला दाद देत नाही. आमच्या भांडीवाल्या मावशींनी एकदा मला बोलावून विचारलं, "दादा, रोज ह्यो काय खळ शिजिवतायसा? पातेलं घासायचं का खरडायचं?"

मग त्या चिकटपणाच्याच मागे लागलो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू, म्हणजे फायबर असतो, बुळबुळीतपणा मुख्यतः त्याचा. आणि पाकिटावर लाल हृदय छापतात तेही त्याच्याच जोरावर. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने 1997 साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा करायला परवानगी दिली. त्यात रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनची अट होती. 40 ग्रॅम कोरड्या ओट्समधून ते दीडेक ग्रॅम मिळतं, म्हणजे एका वाडग्यात निम्मंच काम होतं. पाकिटावर हृदय एवढं मोठं आणि हा हिशेब बारीक अक्षरात. असो. चिकटपणा पुरता घालवायचा नाही, घालवला तर खायचं कशाला? फक्त काबूत ठेवायचा.

तो येतो भाजल्याने. अर्धा कप ओट्स चमचाभर तुपात मंद आचेवर परतायचे, रव्यासारखे. चारपाच मिनिटांत वास बदलतो. आधी कोरड्या पुठ्ठ्यासारखा येतो, मग एकदम खमंग, आणि कडा किंचित तांबूस दिसायला लागतात. तिथेच काढून घ्यायचे, पुढे गेले की कडवटतात. भाजलेला ओट दाणा पाण्यात लगेच विरघळत नाही, चावताना जाणवतो. चवीतला निम्मा फरक मला या एका पायरीने पडला.

मग नेहमीची फोडणी: मोहरी, जिरं, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की गॅस एकदम बारीक करून चमचाभर कांदा-लसूण मसाला आणि लगोलग पाण्याचा हबका, कारण तो तेलात करपायला क्षणभर पुरतो. आमच्या मसाल्यात तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी आणि भाजलेलं खोबरं असतं, त्यामुळे दुसरं काही लागत नाही. दीड कप पाणी, मीठ. उकळी आली की ओट्स सोडायचे आणि हात बांधून उभं राहायचं. उप्पिटासारखं घोटत बसलात की खळ ठरलेली. थोडं पातळ असतानाच गॅस बंद करायचा, वाडग्यात आपोआप आळतं. वरून लिंबू, कोथिंबीर आणि मूठभर शेंगदाणे. नुसते ओट्स खाल्ले तर मला अकरालाच भूक लागते, शेंगदाण्यांनी किंवा शेजारी उकडलेल्या अंड्याने दुपारचं जेवण गाठता येतं. मिसळीची सर येते का? नाही. पण कटाची आठवण येण्याइतका रंग येतो.

सौ.ला गोड लागतं. त्यासाठी गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध मी आणतो, समोर धार काढून देतात तेच. त्यात निम्मं पाणी घालायचं, नाहीतर वाडगा जड होतो. गूळ इथलाच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी दुकानात पिवळाधमक दिसला की मी पुढे जातो, काळपट घेतो. गूळ गॅस बंद करून, वाफ जरा बसल्यावरच घालायचा. उकळत्या दुधात घातला की दूध फाटतं आणि सगळा वाडगा चोथापाणी. वेलची नको, सुंठ घाला.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात पावसाळा लागला आणि मत थोडं बदलावं लागलं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतीलाही ओल. पाकिटाची ती झिप आठवड्यात बसेनाशी झाली, ओट्स मऊ पडले, वासही खवट. गव्हा-तांदळापेक्षा ओट्समध्ये स्निग्धांश जास्त, त्यामुळे ते खवट लवकर होतात. म्हणून रोज सकाळी तुपात भाजायचं बंद केलं. आता अर्ध्या किलोचंच पाकीट आणायचं, आणल्या दिवशी सगळे ओट्स कोरडे भाजायचे, पूर्ण गार करायचे आणि स्टीलच्या घट्ट डब्यात भरायचे. तूप शेवटी वरून. चव तुपात भाजल्यापेक्षा किंचित कमी, पण सकाळचा वेळ वाचतो आणि जाळीची भीती कमी होते.

स्टील-कट, म्हणजे चपटे न करता नुसते कापलेले ओट्सही आणून बघितले. दाणेदार लागतात, मला आवडले, पण अर्धा तास गॅस जाळायची माझी तयारी नाही. कुकरात लावायचं डोक्यात आलं तर लावू नका, फेस शिट्टीत चढतो.

पातेल्याचं म्हणाल तर ओट्स वाडग्यात काढल्या काढल्या त्यात गार पाणी ओतायचं. गरम नको, गरम पाण्याने थर आणखी चिकट होतो. मावशींची कुरकुर आता बंद आहे. म्हणजे ओट्सबद्दलची.

आणि ती कंपनी. पैसे परत नाहीत, बदली पाकीट नाही. बरीच मेल झाल्यावर एक कूपन आलं, त्यांच्याच मसाला पुड्यांवर वीस टक्के सूट. मेहुण्याला पाठवून दिलं.