महिला स्पेशल मॉरिशस : चेक-इनच्या खिडकीवर कळलं, तिकीटच नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सेवानिवृत्त सिस्टरना एकटीनं मॉरिशसला जायचं होतं. तालुक्याच्या बसस्टँडसमोरच्या एजंटनं मे महिन्याच्या उन्हावरच गळ टाकला. "इथं पंचेचाळीस, तिथं पंचवीस. अन् तुमाले कायले टेन्शन, सिस्टर? इमानतळावर आपलीच पोरगी घ्यायले येते." हवेबद्दल तो खोटं बोलला नाही. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे. विदर्भ उत्तरेला जेवढा, जवळपास तेवढंच. त्यामुळे ऋतू उलटे. मेमध्ये तिथं हिवाळा लागायला येतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. खोटेपणा पुढे, कोटेशनमध्ये होता.

एकूण १,४२,००० रुपये. तिकीट आणि हॉटेल वगळता तीन ओळी होत्या : व्हिसा व महिला परवानगी १४,५००, लेडी गाइड व सुरक्षित गाडी १८,०००, प्रवास विमा ६,५००. म्हणजे ३९,००० रुपये निव्वळ भीतीचे. एकटी बाई भाव करताना तिकिटावर घासाघीस करते, 'सुरक्षा' लिहिलेल्या ओळीवर करत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी मॉरिशसला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे फीचा प्रश्नच नाही. तिथल्या इमिग्रेशनवर परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे विचारले जातात. निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट. 'महिला परवानगी' नावाचा कागद अस्तित्वातच नाही. दहावी न झालेल्या बायकांना वर "तुमचा पासपोर्ट ईसीआर आहे, क्लिअरन्स लागेल" असं सांगून आणखी उकळतात. ईसीआर म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची अट, आणि ती ठरावीक १८ देशांत जाणाऱ्यांसाठीच आहे. मॉरिशस त्या यादीत नाही आणि फिरायला जाणाऱ्यांना ती लागूही नाही.

लेडी गाइड म्हणून एका मुलीचा फोटो आणि व्हॉट्सॲप नंबर मिळाला होता. नंबर ९१नं सुरू होत होता. मॉरिशसचा कोड २३० आहे. विम्याचा पीडीएफही एजंटच्याच मोबाइलवरून आला. खरी पॉलिसी निघाली की कंपनीचा मेसेज थेट विमाधारकाला येतो आणि पॉलिसी क्रमांक कंपनीच्या साइटवर तपासता येतो.

खरी मेख तिकिटात होती. सिस्टरच्या भाच्यानं पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकला, नाव दिसलं, सगळे निर्धास्त झाले. पण सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे आरक्षणाची नोंद. पैसे न भरता जागा काही वेळ नुसती धरून ठेवली तरी तो तयार होतो आणि मुदत संपली की जागा सुटते. तिकीट निघालं याचा पुरावा म्हणजे १३ आकडी ई-तिकीट क्रमांक. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, एअर मॉरिशसचे २३९. तो नसेल तर हातात आहे तो रंगीत कागद.

त्यापुढचा डाव जास्त चलाख. तिकीट खरंच काढतात, पण परतावा मिळणाऱ्या भाड्याचं. बाईनं तपासून उरलेले पैसे दिले की ते रद्द करतात. परतावा ज्यानं पैसे भरले त्याच्या खात्यात जातो, म्हणजे एजंटच्या. इथं हेच झालं. सिस्टर बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला पोहोचल्या आणि काउंटरवर बुकिंग 'रद्द' निघालं. रद्द झाल्याचा मेसेज कंपनीनं पाठवला होता, पण बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल दोन्ही एजंटचे होते. म्हणून बुकिंगवर स्वतःचाच नंबर घालून घ्या, आणि तिकीट हातात येताच, आठ दिवस आधी आणि घरातून निघायच्या दिवशी असं तीनदा तपासा. हॉटेलचंही तसंच : 'पैसे तिथं गेल्यावर द्या' प्रकारचं बुकिंग बहुधा फुकटात रद्द होतं. हॉटेलला आपण स्वतः ईमेल करून नाव आणि तारखा विचारायच्या.

दोन खुणा आधीच दिसत होत्या. लेटरहेडवरच्या जीएसटी क्रमांकात १४च अक्षरं होती. असतात १५, आणि महाराष्ट्राचा क्रमांक २७नं सुरू होतो. दुसरी, एजंटनं पॅन मागितलाच नाही. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, वसूल करावा लागतो, त्याला पॅन लागतो. "पॅन नको, तुमचा टॅक्स वाचवतो" म्हणणारा स्वतःचा माग पुसत असतो.

रुपयाचाही घोळ घालतात. "गाडी दिवसाला तीन हजार रुपये" म्हणजे कुठले? मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या दुपटीजवळ जातो. "तिथं आपलं काहीच चालत नाही, युरो माझ्याकडूनच घ्या" हेही खोटं. फेब्रुवारी २०२४पासून तिथं यूपीआय सुरू झालं आहे, मात्र ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावे लागतात. "सगळे मराठीच बोलतात" ही थापही चालते. मराठी वंशाचे लोक तिथं आहेत, पण रोजची बोली क्रेओल.

एकटीनं जाताना जी काळजी खरोखर घ्यावी लागते, तिला १८,००० लागत नाहीत. विमानतळ आग्नेयेला आहे आणि ग्रँड बे हे पर्यटकांचं गाव उत्तर टोकाला, रस्ता लांबचा, त्यामुळे दिवसा उतरणारं विमान बघा. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. प्रवाळभिंतीच्या आतलं पाणी शांत असतं. दक्षिणेच्या ग्री ग्री किनाऱ्याला ती भिंत नाही, तिथं पाण्यात उतरू नका. पोलिस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४. घरी फोन करताना तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं.

फसल्यावर ऑनलाइन दिलेल्या रकमेसाठी लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्या खात्याचं नाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट तयार ठेवा. चॅट डिलीट करू नका. सिस्टरनी ६०,००० रोख दिले होते, पावतीशिवाय. त्या रकमेची फिर्याद पोलिस ठाण्यात, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८खाली. "मुंबईत घडलं, तिकडं जा" असं ठाण्यातून सांगितलं तरी परत फिरू नका. हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.