कन्व्हर्टिबलच्या तुटलेल्या ट्रिमची घरी केलेली दुरुस्ती : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या कन्व्हर्टिबलचे, म्हणजे छत मागे दुमडता येणाऱ्या गाडीचे, छत पुढे ओढून त्याचा खटका पुढच्या काचेवरच्या चौकटीत अडकवत असताना कडकन आवाज झाला आणि चौकटीवरचे प्लॅस्टिकचे आवरण डाव्या बाजूने खाली लोंबू लागले. नऊ महिन्यांपूर्वी मी स्वतः जोडलेली जागा हीच होती. त्या वेळी मी ट्रिमचे, म्हणजे गाडीच्या आतल्या प्लॅस्टिक आवरणांचे, तीन तुटलेले भाग दुरुस्त केले होते : हे चौकटीचे आवरण, छत दुमडते त्या कोपऱ्यातली झडप आणि दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी. तिन्हींचा निकाल वेगवेगळा लागला. चौकटीच्या आवरणाबद्दलचे माझे मत तर हा मजकूर अर्धा लिहून झाल्यावर बदलले, त्यामुळे आधीचा राग आणि नंतरचा शोध दोन्ही येथे ठेवत आहे.

नवे भाग का घेतले नाहीत, हे आधी सांगतो. चौकटीच्या आवरणात तुटली होती ती स्क्रू बसण्याची बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी पोकळ नळी. समोरचा भाग, त्याचा रंग आणि त्यावरची बारीक खरबरीत नक्षी पूर्ण शाबूत होती. तेवढ्या नळीसाठी संपूर्ण आवरण टाकून देणे मला पटत नाही, आणि उन्हाने एकसारख्या फिकट झालेल्या आतल्या भागांमध्ये नवा तुकडा डोळ्यांत खुपतो, हेही तितकेच खरे आहे.

कोणताही गोंद हाती घेण्यापूर्वी भाग उलटा करून मागची खूण वाचावी. बहुतेक भागांवर दोन कोनी कंसांच्या (> <) मध्ये प्लॅस्टिकचे नाव कोरलेले असते. माझ्या चौकटीच्या आवरणावर एबीएस, झडपेवर पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस आणि उंबऱ्याच्या पट्टीवर पीपी-टीडी २० असे होते. शेवटच्या खुणेचा अर्थ २० टक्के टाल्क भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन. तुकडा पाण्यात तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, ही सर्वत्र सांगितली जाणारी चाचणी येथे फसवते, कारण टाल्कमुळे घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त होते आणि तुकडा बुडतो. मी खूण न पाहता ती चाचणी केली, पट्टीला एबीएस समजलो आणि ॲसिटोन या द्रावकाने ती जोडण्यात एक पूर्ण दिवस घालवला. पॉलिप्रॉपिलीन ॲसिटोनमध्ये विरघळत नाही आणि साधा इपॉक्सी गोंदही त्याला धरून राहत नाही. शेवटी त्या पट्टीला मागून गरम पिना घालून ती सांधली.

या गरम पिनांच्या यंत्राबद्दल माझे मत सुरुवातीपासून चांगले आहे आणि ते तसेच राहिले. नागमोडी आकाराची स्टेनलेस पोलादाची पिन तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवायची, बटण सोडून काही सेकंद थंड होऊ द्यायची आणि बाहेर राहिलेली टोके कापून टाकायची, एवढेच काम आहे. पिन जाडीच्या निम्म्याहून खोल जाऊ नये, अन्यथा समोरच्या बाजूला कायमचा फुगवटा दिसतो. वितळत्या प्लॅस्टिकचा धूर घातक असल्यामुळे हे काम मोकळ्या हवेतच करावे.

कोपऱ्यातल्या झडपेच्या बाबतीत मात्र जोडणीपेक्षा तिच्या मोडण्याचे कारण शोधण्यात अधिक वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. छत मागे जाताना ही झडप आधी बाजूला व्हायला हवी. माझ्या गाडीत तिला ओढून धरणारा लवचीक पट्टा सैल पडला होता, त्यामुळे झडप अर्धवट उभी राहायची आणि छताच्या सांगाड्याची दांडी तिच्यावर येऊन टेकायची. जाळी आणि इपॉक्सी लावून मी ती पहिल्यांदा सांधली, तेव्हा ती दोन आठवड्यांत पुन्हा तडकली. पट्टा बदलल्यानंतर त्याच पद्धतीने केलेली दुसरी जोडणी आज आठ महिने टिकून आहे. झडप वारंवार मोडत असेल तर कोणीतरी बाहेर उभे राहून छत हळूहळू उघडताना सांगाडा कोठे लागतो ते पाहावे.

आता चौकटीच्या आवरणाकडे वळतो, कारण या सर्व खटाटोपात माझे मन त्या एका नळीत अडकले आहे. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच आवरणाच्या न दिसणाऱ्या कडेचे बारीक काप काढून मी ते काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये भिजत ठेवले आणि मधासारखा दाट लगदा तयार केला. त्या लगद्याने नळी परत जागेवर बसवली आणि बुडाशी भोवताली थर चढवला. ॲसिटोनची वाफ सहज पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या आणि जवळपास काहीही पेटवले नाही. लगदा वाळताना आकसतो, त्यामुळे एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि स्क्रू पिळण्यापूर्वी दोन दिवस तरी थांबावे. हा सांधा गोंदासारखा दोन पृष्ठभागांच्या मध्ये बसत नाही. दोन्ही तुकडे एकमेकांत मिसळून एकच होतात. म्हणूनच गेल्या आठवड्यात तो तुटलेला दिसला तेव्हा मी फार संतापलो, आणि या लेखाच्या पहिल्या मसुद्यात ही पद्धत कोणीही वापरू नये, असे स्पष्ट लिहिले होते.

ते वाक्य मी मागे घेतो. आवरण काढून उजेडात धरले तेव्हा सांधा जसाच्या तसा होता. चीर त्याच्या वर, मूळ प्लॅस्टिकमध्ये, नळीच्या लांबीला समांतर गेली होती. पूर्वी कधीही न तुटलेल्या दुसऱ्या दोन नळ्यांवरही केसाएवढ्या उभ्या चिरा होत्या. चौथी नळी निर्दोष होती. या चौथीत आणि इतर तिघींत फरक एकच होता : चार महिन्यांपूर्वी स्क्रू सैल होऊन आवरण खडखडू लागले तेव्हा मी तीन स्क्रूंना थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांत लावायचा द्रव, लावला होता, आणि चौथा घट्ट असल्यामुळे त्याला हात लावला नव्हता.

थ्रेडलॉकर हा धातूच्या आट्यांसाठी आहे. हवा न मिळणे आणि धातूचा स्पर्श, या दोन्हींमुळे तो घट्ट होतो. प्लॅस्टिकच्या नळीत धातू एकाच बाजूला असतो, म्हणून त्याचा काही भाग ओलाच राहतो आणि स्क्रूच्या ताणाखाली असलेल्या एबीएसला तो आतून चिरत नेतो. पॉलिकार्बोनेटचेही तसेच होते. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत प्लॅस्टिकवर वापरण्याबाबत इशारा होता. तो मी त्या वेळी वाचला नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

खडखडाट मात्र खरा होता आणि त्यावर उपाय करणे भागच होते. वर पक्के छत नसल्यामुळे अशा गाडीचा सांगाडा खडबडीत रस्त्यावर अधिक पिळवटतो, आणि काचेवरची चौकट तर छत बंद करताना दर वेळी ओढली जाते, त्यामुळे तेथले स्क्रू सैल होणारच. आता मी तिन्ही नळ्या स्पिरिटने पुसून, चिरांवर लगदा भरून बाहेरून एबीएसच्याच नळीचे कडे चढवले आहे. स्क्रू बसवताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवला, जुन्या आट्यात ‘टिक्’ असा उतरला की मगच सुलटा पिळला. तसे न केल्यास तो दर वेळी नवे आटे कापून नळी पोकळ करतो. आवाज बंद करण्यासाठी आवरण आणि चौकट यांच्यामध्ये नमद्याची चिकटपट्टी लावली आहे. धातूच्या चौकटीमागे एअरबॅग नाही, याची खात्री गाडीच्या पुस्तिकेतून आधीच केली होती. जेथे ती असेल त्या आवरणाला घरी सांधू नये.

उंबऱ्याच्या पट्टीच्या पिना मजबूत आहेत, परंतु समोरून चीर रेघेसारखी दिसते आणि पाय लागला की पट्टी किंचित दबते. तिच्या पुढच्या टोकाची क्लिपची खोबण कालच तुटलेली आढळली. तेवढी एक पट्टी मी नवीन मागवली आहे.