बायपासनंतरची 'स्टेम सेल' : ३,८५,००० रुपये गेले

बाबांची बायपास गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत झाली. वाचलेले पैसे 'स्टेम सेल' (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) उपचार विकणाऱ्या एजंटाने नेले. आगाऊ ५०,०००, 'पेशी-शुल्क' ३,१०,०००, राहण्याचे २५,०००. म्हापशाच्या घरी बसून तो सांगत होता, 'बायपासने रक्त मिळेल, पण मेलेला स्नायू स्टेम सेलच जिवंत करणार.' इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० होतं, ५० करून देतो म्हणाला.

सहीच्या दिवशी दोन कागद समोर होते. संमतिपत्रावर 'हा संशोधनाचा भाग आहे', पावतीवर 'पुनर्वसन शुल्क'. तिथेच उठायला हवं होतं. संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी स्टेम सेल संशोधनाच्या चाचणीबाहेर देताच येत नाही. एक कागद दुसऱ्याला खोटा पाडत होता आणि आम्ही दोन्हींवर सह्या केल्या. बाबांना जिना चढवत नव्हता हो, तेव्हा कोण नियम वाचत बसतो?

कोणी 'चाचणी' म्हणालं की सीटीआरआय (देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, घरी येऊन स्वतः तपासा.

बायपाससोबतच्या चाचण्यांत साधारणपणे कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, निर्जंतुक लॅबमध्ये पेशी वेगळ्या करतात, किती आहेत, त्यांतल्या जिवंत किती ते पाहतात, आणि छाती उघडी असतानाच सर्जन खराब भागाच्या कडेला टोचतो. इथे ऑपरेशनला सहा आठवडे उलटल्यावर थर्माकोलच्या डब्यातून एक कुपी आली आणि सलाईनमधून हाताच्या शिरेत सोडली. कुपीवर रुग्णाचं नाव नाही, बॅच नाही, पेशींचा आकडा नाही. शिरेतून दिलेल्या पेशी बहुतेक फुफ्फुसांतच अडकतात.

तीन महिन्यांनी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) तो आकडा ४० आला, लगेच एजंटाचा फोन, 'बघा!' अहो, रक्त मिळू लागलं की सुस्तावलेला स्नायू बायपासनेच हलू लागतो. शिवाय दोघांनी केलेल्या इकोत पाच-सात टक्के सहज इकडेतिकडे होतात. आधीचा आणि नंतरचा इको एकाच ठिकाणी करा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, 'सही तुमचीच ना?' पणजीत एका कार्यालयाने 'हे औषध नव्हे' म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने 'डॉक्टर परराज्यातला', तिसऱ्याने अर्जाची पोचही दिली नाही. अकरा फेऱ्या! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. आता तिथेच जातोय. पावती मात्र जपून ठेवा, रोख देऊ नका.

रिकामी कुपी आमच्या फ्रीजमध्ये पिशवीत बांधून ठेवली आहे. आजवर एकाही साहेबाने ती दाखवा म्हटलेलं नाही.