नाताळच्या गव्हाणीचा मातीचा संच

वसईच्या बाजारातून यंदा घेतलेला, येशूच्या जन्माचा देखावा मांडण्याचा हा संच अकरा मूर्तींचा असून त्यासाठी १,४५० रुपये मोजावे लागले. येशूचे आईवडील मरिया आणि योसेफ यांच्या चेहऱ्यांचे रंगकाम नेटके आहे. कोकराचा कान मात्र खोका उघडतानाच निखळलेला होता आणि दुकानदाराने तो बदलून देण्यास नकार दिला. बाळ येशूची मूर्ती गव्हाणीपासून सुटी घडवली आहे, हे या संचाचे खरे वैशिष्ट्य, कारण बाळाच्या जन्माच्या घटकेपर्यंत, म्हणजे २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत, गव्हाणी रिकामी ठेवण्याची रीत त्यामुळे पाळता येते. ती रिकामी जागा पाहून पाच वर्षांच्या नातीने ‘बाळाला थंडी वाजेल, अजून गवत घाला’ असा हट्ट धरला, आणि एरवी केवळ सवयीने मिस्साला (चर्चमधील उपासनेला) जाणारा मी तिच्यासोबत गवत निवडता निवडता पुष्कळ काळानंतर मनापासून प्रार्थना म्हणालो. १२२३ साली इटलीतील ग्रेचियो येथे असीसीच्या संत फ्रान्सिस यांनी खरे बैल व गाढव आणून हा देखावा उभा केला, तोही लोकांना बाळाचे हाल डोळ्यांनी दिसावेत म्हणूनच. बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले मागी राजे उगाच चकचकीत रंगवले आहेत (६ जानेवारीपर्यंत, म्हणजे त्यांच्या आगमनाच्या सणापर्यंत, त्यांनी कपाटावरच थांबावे, असा नातीचा हुकूम). घरात लहान मुले असल्यास लाकडी संच घेणे अधिक बरे.