मांडीपर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे : दिवाळीपासूनचा अनुभव (जोडवी घालणाऱ्यांनी आधी वाचा)

पाय आवळून धरणारे हे मोजे, २०-३० (मिमी पारा) दाबाचे, मांडीपर्यंतचे, पायाची बोटं झाकणारे. किंमत १,८५० रुपये. दाब, क्लास (दाबाची श्रेणी) वगैरेत न शिरता थेट सांगते: बोटं झाकणारे घेऊ नका. जोडव्यात धागा अडकतो, आणि एकदा अडकला की घोट्यापर्यंत रेघ उसवत जाते. कंपनीला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, ज्वेलरी काढून घालायचे असतात." खोक्यावर असं कुठंही छापलेलं नाही. फोटो पाठवला, बिल पाठवलं, उत्तर एकच: वापरलेला माल बदलून मिळत नाही. बरं, एकच पाय फाटलाय, तेवढा एक विकत द्या म्हटलं, तर जोडीच घ्यावी लागेल म्हणे. आणि रोज सकाळी जोडवी काढावीत तर सासूबाई विचारतात, "कामून काढायलीस गं?" आता रोज काय काय समजावून सांगू!

मी परभणीत शिक्षिका आहे, क्रॉनिक फटिग सिंड्रोम आहे (विश्रांतीनंही न जाणारा, श्रमांनी आणखी वाढणारा दीर्घ थकवा). परिपाठाला उभी राहिले की पावलं जांभळट आणि जड व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, बोटांना तर स्वतःचा पत्ताच नसायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी १० मिनिटं भिंतीला टेकवून उभं केलं आणि नाडी मोजत राहिले. रक्तदाब पडला नाही, पण नाडी मिनिटाला तीसहून जास्त ठोक्यांनी वाढली. उभं राहिलं की रक्त पायांत आणि पोटात साचतं, वर पुरेसं जात नाही, असं त्यांनी सांगितलं. मोजे लिहून देण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिला, कारण पायाच्या धमन्याच अरुंद असतील तर हे मोजे उलट घातक. मेडिकलमधून अंदाजानं उचलू नका ते यासाठीच.

फायदा? उभं राहण्यात नक्की आहे. फळ्यावर एक गणित पूर्ण करून मग खुर्ची शोधते, आधी अर्ध्यातच शोधायचे. पण सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे. मापही सकाळीच घ्यायचं, संध्याकाळी पाय सुजलेले असतात. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, कापड सरकत नाही. त्यासाठीचं वेगळं साधन विकायला असतं, ते घ्यायची काही गरज नाही.

पायाच्या बोटांचा बधिरपणा मात्र जवळपास तसाच आहे. जाहिरातीत "मुंग्या येणे बंद" लिहिलंय, त्यावर जाऊ नका. बी१२, साखर, थायरॉइड आधी तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल तर बी१२. माझं सगळं ठीक निघालं, नसांतून संदेश किती वेगानं जातो ते पाहणारी एनसीव्ही तपासणीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, त्या तपासणीत जाड नसा कळतात, बारीक तंतूंचा बिघाड त्यात दिसत नाही. मोजा घातल्यावर मुंग्या वाढल्या किंवा बोटं पांढरी पडली तर लगेच काढायचा. झोपताना मी घालत नाही.

शेजारी म्हणतात, रोज वसमत रोडला चक्कर मारा, रक्त फिरेल. मारली की दोन दिवसांनी अंथरूण धरते. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्येच सांगितलंय की या आजारात ठरावीक मापानं वाढवत नेणारा व्यायाम उपचार म्हणून देऊ नये. शेजाऱ्यांपर्यंत ते कधी पोचणार कोण जाणे.

इथवरचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा चार तारे देणार होते. आता जून आहे. ४२ अंशांत मांडीपर्यंतचा मोजा म्हणजे शिक्षाच. वरच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली घामोळ्या उठल्या, पट्टी सैल होऊन मोजा गुडघ्यावर उतरतो, आणि त्याची घडी तिथं आणखीच करकचते. टँकरच्या पाण्यात रोज धुणंही परवडत नाही. म्हणून तीन तारे. गेलेल्यांतला एक जोडव्यांचा, तो कंपनीनं भरून द्यावा.

उन्हाळ्यापुरता पोटाचा पट्टा चालेल असं डॉक्टर म्हणाले, रक्त पोटातही साचतंच. जाऊबाईंचा बाळंतपणातला पट्टा कपाटात पडून होता, तोच बांधते. सोबत ओआरएसची बाटली. रक्तदाब जास्त असेल तर मिठाचं आधी विचारून घ्या. मोज्यांच्या निम्मा तरी फायदा आहे, आणि खर्च शून्य. जाऊबाईंनी पट्टा परत मागितलाय, मी अजून दिलेला नाही.